कयाधू : लुप्त होणारी नदी व तिचें नांव

कळमनुरी तालुक्यांतून वाहणाऱ्या कयाधूचें पात्र ऐन वैशाखांत पाहिलें, तर हिला नदी कां म्हणावें, असा प्रश्न नवख्यास पडेल. वाळू व काळे गोटे यांखेरीज दृष्टीस कांहीं पडत नाहीं. तरी त्याच वाळूंत झिरा खणला, कीं पाणी पाझरूं लागतें.

नद्या लुप्त होण्याचा प्रकार सर्वत्र एकच नव्हे. चुनखडीच्या मुलुखांत पाणी दगडच विरघळवितें. मग विवरें पडून नदी त्यांत उतरते. आड्रियाटिक समुद्राजवळची रेका नदी अशीच भूमींत शिरते व 30 किलोमीटरांहून अधिक अंतरावर पुनः प्रकट होते. परंतु तेथें तिला टिमाव्हो म्हणतात. गुप्त होतांना नदी नांवही गमावते! कयाधूचें तसें नाहीं. हा मुलूख सुमारें 6 कोटी 60 लक्ष वर्षांपूर्वींच्या लाव्हारसाचा. हा दगड चुनखडीसारखा विरघळत नाहीं. येथें पाणी राहतें तें वाळूंत आणि खडकाच्या भेगांत.

आतां नांवाविषयीं. कयाधू ही प्रह्लादाची माता. हें नांव केवळ पौराणिक नव्हे; तैत्तिरीय ब्राह्मणांतही प्रह्लादास 'कायाधव', म्हणजे कयाधूचा पुत्र, म्हटलें आहे. भागवतांत नारद तिला आश्रमांत आश्रय देऊन उपदेश करितात. काळ लोटला तसा तो उपदेश मातेच्या स्मरणांतून लुप्त झाला, गर्भांत ऐकणाऱ्या पुत्राच्या मात्र राहिला, असें प्रह्लाद स्वतःच सांगतो.

एखाद्या जुन्या देशी नांवावर पंडितांनीं हा साज चढविला असेल, अशी शंका आम्हांसही आली होती. (पंडितांस ही खोड आहेच.) परंतु याच नदीच्या कांठीं नरसी आहे. 1270 सालीं नामदेव तेथें जन्मले, अशी परंपरा सांगते. 'नरसी' या नांवांत नरसिंहच आहे, असें आमचें मत आहे. प्रवाहास मातेचें नांव, आणि कांठच्या गांवास तिच्या पुत्राला तारणाऱ्या देवाचें, ही जोडी निव्वळ योगायोगानें जुळली असेल, असें आम्हांस वाटत नाहीं.

लुप्त झालेली रेका खडकाखालून वाहत राहते; कयाधूस तो आधार नाहीं. तिचें उन्हाळ्यांतील पाणी वाळूच्याच भरंवशावर आहे. ती वाळू उपसून गाड्या भरल्या, तर पुढील वैशाखांत झिरा कोठें खणावयाचा?