कबुतराच्या छातीपासून चष्म्याच्या काडीपर्यंत: अंगावरच्या कॅमेऱ्याची गोष्ट

दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. ओपीडी संपत आली होती. एक काका आणि काकू आत आले. काका निवृत्त शिक्षक. दीड वर्षापूर्वी त्यांना मेंदूचा दाह, म्हणजे एन्सेफलायटिस झाला होता. त्यातून ते वाचले. हातपाय धड राहिले, बोलणंही पूर्वीसारखंच. पण सकाळी नाश्त्याला काय खाल्लं, काल भेटायला कोण आलं होतं, हे दुपारपर्यंत पुसलं जायचं. चाळीस वर्षांपूर्वीच्या विद्यार्थ्यांची नावं मात्र हजेरीपटाप्रमाणे पाठ.

त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांवर जाड काड्यांचा नवा चष्मा होता. बीपी घेताना चष्म्याच्या कोपऱ्यात मला एक बारीक पांढरा दिवा दिसला. मी काकूंकडे पाहिलं.

"मुलाने पाठवलाय," त्या म्हणाल्या. "यात कॅमेरा आहे, मोबाइलला जोडलाय. दिवसभर बाबांना लावून ठेव आणि संध्याकाळी त्यांना ते दाखव, म्हणजे आठवेल, असं तो म्हणतो. खरंच आठवेल का हो, डॉक्टर?"

प्रश्न साधा होता, पण उत्तर एका वाक्यात देण्यासारखं नव्हतं. शिवाय दुसरी एक अडचण त्या पांढऱ्या दिव्यातच होती. बाहेर बाकावर बसलेले माझे बाकीचे पेशंट, त्यांचे केस पेपर, त्यांचे चेहरे हे सगळंही बहुधा त्या चष्म्यात गेलं होतं. म्हणून मित्रहो, आज औषधांऐवजी या कॅमेऱ्याचा इतिहास सांगतो. तुमच्याही घरी असा चष्मा आज ना उद्या येणार आहे.

अंगावर घालायचा कॅमेरा ही मोबाइलच्या जमान्यातली कल्पना आहे असं तुम्हाला वाटत असेल, तर तसं नाही. १८८६ च्या सुमारास न्यूयॉर्क आणि बर्लिनमध्ये स्टर्न नावाच्या व्यापाऱ्याने एक चपटा, थाळीसारखा गोल कॅमेरा विकायला आणला. तो जाकिटाच्या आत गळ्यात अडकवायचा. भिंग काजाच्या भोकातून बटणासारखं बाहेर डोकवायचं. खिशातली दोरी ओढली की फोटो निघायचा. एका गोल काचेवर सहा फोटो मावत. नॉर्वेत कार्ल स्टोर्मर नावाच्या विद्यार्थ्याने १८९० च्या दशकात हाच कॅमेरा घालून राजधानीच्या रस्त्यांवर लोकांचे फोटो काढले. नाटककार इब्सेनही त्यात सापडले. हा स्टोर्मर पुढे ध्रुवीय प्रकाशावर काम करणारा मोठा गणितज्ञ झाला. कॅमेरा घेण्यामागचं कारण मात्र गणिताचं नव्हतं. आवडलेल्या, पण ओळख नसलेल्या एका तरुणीचा फोटो त्याला हवा होता! गंमत वाटते खरी, पण त्या तरुणीच्या बाजूने एकदा विचार करून बघा. त्याच काळात, १८९० साली, अमेरिकेतल्या वॉरन आणि ब्रँडाइस या दोन वकिलांनी खाजगीपणाच्या हक्कावर एक लेख लिहिला. तो आजही कायद्याच्या वर्गात शिकवतात. झटपट फोटो काढणारे कॅमेरे आणि वर्तमानपत्रं घराच्या चार भिंतींत शिरली आहेत, हे त्यांच्या तक्रारीच्या मुळाशी होतं.

आता माझ्या आवडत्या माणसाकडे येतो. जर्मनीत फ्रँकफुर्टजवळ क्रोनबर्ग नावाचं गाव आहे. तिथे युलिउस नॉयब्रोनर हे औषधविक्रेते होते. त्यांचे वडीलही त्याच धंद्यात. जवळच्या फाल्केनस्टाइनच्या आरोग्यधामातून प्रिस्क्रिप्शन यायला वेळ लागायचा, म्हणून घरात कबुतरं पाळलेली होती. चिठ्ठी कबुतराच्या पायाला बांधून यायची. नॉयब्रोनर यांनी पुढे कबुतरांकडून ७५ ग्रॅमपर्यंत वजनाची औषधंही पाठवली. एकदा एक कबुतर धुक्यात चुकलं आणि चार आठवड्यांनी परत आलं, तेही व्यवस्थित खाऊनपिऊन. इतके दिवस हे होतं कुठे, असा प्रश्न त्यांना पडला. त्या कुतूहलातून त्यांनी एक चिमुकला कॅमेरा बनवला. तो ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बसवून कबुतराच्या छातीला बांधायचा. हवेच्या दाबावर चालणारी कळ ठरलेल्या वेळाने आपोआप फोटो काढायची. १९०७ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. कबुतराला एवढं वजन झेपणार नाही, म्हणून तो सुरुवातीला नाकारला गेला. प्रत्यक्ष काढलेले फोटो पुढे ठेवल्यावर १९०८ मध्ये पेटंट मिळालं. त्यातल्या एका प्रसिद्ध फोटोत खाली क्रोनबर्गचा वाडा दिसतो आणि दोन्ही कडांना कबुतराचे पंख.

ते पंख लक्षात ठेवा. फोटो काढणारा स्वतः फोटोच्या कडेला दिसतो आणि आपण त्याच्या जागेवरून जग बघतो. पुढच्या गोष्टीत याचं महत्त्व आहे.

मधली काही दशकं मी भरभर ओलांडतो. आमच्या क्षेत्रातला एक टप्पा मात्र सांगायला हवा. हृदयाचे ठोके दिवसभर नोंदवणारा होल्टर तुमच्यापैकी अनेकांनी लावला असेल. आज तो काड्यापेटीएवढा असतो आणि तरी 'डॉक्टर, झोपताना टोचतो' अशी तक्रार येतेच. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या नॉर्मन होल्टर यांनी १९४७ च्या सुमारास पहिला नमुना तयार केला, तेव्हा तो पाठीवर घ्यायचा होता आणि त्याचं वजन सुमारे ३८ किलो होतं. कॅमेऱ्याचंही असंच झालं. स्टीव्ह मान हे कॅनडाचे अभियंते १९८० च्या दशकात पाठीवर संगणक, डोक्यावर कॅमेरा आणि अँटेना असा जामानिमा करून हिंडत. लोक हसत. यंत्र हलकं झाल्यावर हसणं थांबलं आणि काळजी सुरू झाली.

काकूंच्या प्रश्नाचं उत्तर इंग्लंडमधल्या केंब्रिजमध्ये आहे. तिथल्या मायक्रोसॉफ्टच्या संशोधनकेंद्रात लिंडसे विल्यम्स यांनी 'सेन्सकॅम' नावाचा कॅमेरा तयार केला. तो गळ्यात घालायचा. त्याला बटण दाबावं लागत नसे. उजेड बदलला, माणूस हलला, समोर दुसऱ्या कुणाच्या शरीराची उष्णता जाणवली की तो आपोआप फोटो काढायचा. नाहीतर साधारण दर तीस सेकंदांनी एक. भिंग रुंद कोनाचं होतं, त्यामुळे समोरचं ताट, ताटाकडे जाणारा स्वतःचा हात, पलीकडे बसलेला माणूस, असं सगळं येई. कबुतराच्या पंखांसारखंच.

केंब्रिजच्या ॲडनब्रुक्स हॉस्पिटलमधल्या स्मृतितज्ज्ञांनी तो एका बाईंना दिला. शोधनिबंधात त्यांना 'मिसेस बी' म्हटलं आहे. त्यांना लिम्बिक एन्सेफलायटिस झाला होता. म्हणजे काय? कानशिलाच्या आतल्या बाजूला मेंदूचा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो. दिवसभरातले अनुभव पक्के करून साठवणीला लावणारा हा कारकून समजा. दाह नेमका तिथे झाला तर जुनी दप्तरं राहतात, पण नवीन कागद फायलीत लागतच नाहीत. आमच्या काकांचंही साधारण हेच झालं होतं.

मिसेस बी एखाद्या प्रसंगी कॅमेरा घालायच्या. नंतर ते फोटो संगणकावर भरभर, सिनेमासारखे बघायच्या. तुलनेसाठी दुसऱ्या प्रसंगांची लेखी डायरी ठेवली. २००७ मध्ये निकाल छापून आला. फोटो बघितल्यावर त्यांना अलीकडच्या प्रसंगांतलं सुमारे ८० टक्के आठवत होतं. डायरीने सुमारे ४९ टक्के, आणि डायरी महिनाभर वाचली नाही तर त्यातलं काहीच उरत नव्हतं. फोटोंच्या बाबतीत मात्र तीन महिने ते न बघताही आठवण टिकली, अकरा महिन्यांनंतरही.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा खुर्चीत सरळ बसलो होतो. स्मृती गेलेल्या पेशंटच्या नातेवाइकांना आम्ही 'डायरी ठेवा' एवढंच सांगत आलो होतो. फोटो नुसते दाखवले गेले नाहीत. ते स्वतःच्या जागेवरून काढलेले होते, क्रमाने होते आणि पुन्हा पुन्हा बघितले गेले. ही उजळणी अनुभव पक्का करत असावी, असं संशोधकांचं मत आहे. अर्थात ही एका रुग्णाची कहाणी आहे. मिसेस बींची विचारशक्ती बरीचशी शाबूत होती. पुढे सरकलेल्या अल्झायमरमध्ये तेवढंच यश मिळेल, अशी आशा मी कुणालाही देणार नाही.

सेन्सकॅमचे फोटो संगणकाला वायर जोडून काढावे लागत. मोबाइलने ती वायर तोडली. २०१० मध्ये 'लूक्सी' नावाचा कॅमेरा अमेरिकेत आला. तो ब्लूटूथ हेडसेटसारखा कानावर बसायचा आणि मोबाइलशी जोडला जायचा. तो सतत चित्रण करत राहायचा, आणि एखादी मजेची गोष्ट घडून गेल्यावर बटण दाबलं तर मागचे तीस सेकंद जपून ठेवायचा. कल्पना झकास होती, पण काही वर्षांत तो बाजारातून गेला. मग गूगल ग्लास आला. २०१३ मध्ये दीड हजार डॉलरला. त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेतले सर्जन राफाएल ग्रॉसमन यांनी तो घालून पोटात नळी बसवण्याची प्रक्रिया दुसरीकडे थेट दाखवली. दोन्ही हात मोकळे आणि शिकणाऱ्याला सर्जनच्या डोळ्यांनी दिसतंय, हे आम्हा डॉक्टरांना फारच भावलं. सामान्य लोकांना मात्र समोरच्याचा चष्मा आपल्याला टिपतोय की नाही, हे कळेना. हॉटेलांनी पाट्या लावल्या, आणि २०१५ च्या जानेवारीत सर्वसामान्यांसाठीची विक्री थांबली.

आता पुन्हा चष्मे आले आहेत, नेहमीच्या रे-बॅनसारखे दिसणारे. २०२५ पासून ते भारतातही अधिकृतपणे मिळतात. चित्रण चालू असताना पेटणारा दिवा त्यात आहे. दृष्टिहीनांसाठी तर हे खरंच मोलाचं साधन आहे. डेन्मार्कमधल्या, स्वतः अंधुक दिसणाऱ्या हान्स विबर्ग यांनी सुरू केलेल्या 'बी माय आइज' या ॲपची मदत अशा चष्म्यातून घेता येते. औषधाच्या पाकिटावरची तारीख दूरवरचा स्वयंसेवक वाचून सांगतो, आणि एका हातात काठी, दुसऱ्या हातात पाकीट तसंच राहतं.

मग काकूंना काय सांगितलं? पहिलं म्हणजे, हा चष्मा दिवसभर सलग चित्रण करणार नाही. काही मिनिटांचे तुकडेच होतील. त्याची गरजही नाही. दिवसातला एकच प्रसंग निवडा, बाजारात जाणं असो की कुणाची भेट. तेवढाच टिपा. दुसऱ्या दिवशी बघा, मग दोन दिवसांनी परत तोच बघा. बघताना परीक्षा घेऊ नका. 'हे कोण, सांगा पाहू' असं विचारलं की माणूस खचतो. 'मग पुढे काय झालं?' असं विचारा. न्हाणीघर, बँक, ओटीपीचा मोबाइल, दुसऱ्याचं घर, दवाखाना इथे चष्मा डबीत. डॉक्टरांनाही पेशंटची ओळख पटेल असा फोटो परवानगीशिवाय छापता येत नाही, असं २००२ च्या नियमावलीत आहे. मग माझ्या दवाखान्यात बाकावर बसलेल्या बाईंचा फोटो कुणाच्या मोबाइलमध्ये का असावा? बाहेरचं चित्रण काकूंनी माझ्यासमोरच पुसलं.

जाता जाता एक सूचना. छातीवर लावायच्या काही कॅमेऱ्यांना शर्टाला धरून ठेवणारं जोरदार लोहचुंबक असतं. पेसमेकर किंवा तत्सम यंत्र बसवलेलं असेल तर असं चुंबक त्यापासून किमान पंधरा सेंटिमीटर दूर ठेवा. म्हणजे छातीवर नकोच.

हे सगळं बोलणं मी आणि काकू करत होतो. काका ऐकत होते. एकदम म्हणाले, "मला विचाराल का कुणी?"

मी ओशाळलो. विचारलं. त्यांना चष्मा चालणार होता, पण घरात जेवताना नको, आणि नातवंडांशी खेळताना नको. "ते मला तसंच विसरू दे," म्हणाले. काकूंना ते पटलं नाही, असं मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. पण आणखी एक पेच होता. आज दिलेला होकार उद्या त्यांच्या लक्षात राहणार नव्हता. डोळ्यांवर हे काय आहे, असं रोज नव्याने वाटणार होतं. मग त्यांनीच माझ्याकडून प्रिस्क्रिप्शनचा कोरा कागद मागून घेतला आणि फळ्यावर लिहावं तशा टपोऱ्या अक्षरात ओळी लिहिल्या. काकूंनी तो कागद चष्म्याच्या डबीत घडी करून ठेवला.

मागच्या आठवड्यात दोघं पुन्हा आले. बारशाला गेल्याचं काकांना आठवत होतं. पेढ्यांचा बॉक्स कुणाच्या हातून पडला, तेही सांगितलं. सकाळचा नाश्ता मात्र आठवला नाही. चष्मा डबीत होता. डबी उघडून काकूंनी मला कागद दाखवला. घड्यांवर तो फाटायला आला होता. त्यावर लिहिलं होतं: 'यात कॅमेरा आहे. मी हो म्हटलं आहे. तरी रोज विचारून लावावा.'