प्रकाशानें पटणारी धातूची ओळख

सिन्नर म्हटलें कीं गोंदेश्वराचें काळ्या पाषाणाचें देऊळ डोळ्यांपुढें येतें. देवगिरीच्या आधीं हें यादवांचें राजधानीचें नगर होतें. परंतु ज्या खडकाचें हें देऊळ घडलें, त्याचा इतिहास यादवांहून फार जुना. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं लाव्हारसाचे थर थिजले, त्यांत वायूच्या बुडबुड्यांनीं पोकळ्या राहिल्या आणि झिरपत्या पाण्यानें त्या पोकळ्यांत नाना तऱ्हांचे स्फटिक वाढविले. विहिरी व खाणी खोदतांना निघालेले असे कितीतरी स्फटिक खडीबरोबर फुटून गेले. सिन्नरच्या ‘गारगोटी’ खनिज-संग्रहालयांत मात्र ते जपून मांडलेले आहेत.

नाशिकच्या परिसरांत मिळणारें पॉवेलाइट हें असेंच एक दुर्मिळ खनिज. तें कॅल्शियम, मॉलिब्डेनम व प्राणवायु यांचें बनलेलें असतें. अंधारांत त्यावर अतिनील किरण सोडले, कीं तें पिवळ्या प्रकाशानें उजळतें. त्याचें भावंड शीलाइट. त्यांत मॉलिब्डेनमच्या जागीं टंगस्टन असतो व त्याचा प्रकाश निळा असतो. शीलाइटांत मॉलिब्डेनम वाढत गेलें, कीं तो निळा रंग पांढुरका होत होत पिवळ्यावर येतो. म्हणजे दगड न फोडतां, केवळ रंगावरून, आंतल्या धातूचा अंदाज बांधतां येतो.

या प्रकाशाचा उलगडा जॉर्ज स्टोक्स या शास्त्रज्ञानें १८५२ सालीं केला. पदार्थ एका रंगाचा प्रकाश पितो व दुसऱ्या रंगाचा ओकतो, असें त्यानें दाखविलें. पुढें १८६७ सालीं बाझल येथील गॉपेल्सरोडर यानें मोरिन नांवाचें पिवळें रंगद्रव्य ॲल्युमिनियमच्या द्रावणांत मिसळलें, तों हिरवी प्रभा फांकली. न दिसणारा धातु प्रकाशानें ओळखण्याची रीत येथून सुरू झाली.

मोरिन आपणांस परकें नाहीं. पर्किन व कोप यांनीं १८९५ सालीं तें फणसाच्या लांकडांतून वेगळें केलें. फणसाच्या गाभ्याचा रंग तुरटीनें वस्त्रावर पक्का करण्याची चाल पूर्वेकडील देशांत जुनीच आहे. आणि तुरटींत ॲल्युमिनियम असतेंच. रंगाऱ्यानें जी जोडी कापडासाठीं जुळविली, तीच रसायनज्ञानें धातु शोधण्यास वापरली.

युरोपियम धातूच्या संयुगांत भोवतालचा सेंद्रिय रेणु प्रकाश झेलून ती शक्ति धातूला देतो, हें वाइसमन यानें १९४२ सालीं दाखविलें. युरोपियमचा प्रकाश तांबडा, टर्बियमचा हिरवा. दोहोंचें प्रमाण बदललें, कीं हिरव्यापासून पिवळ्यावरून तांबड्यापर्यंत हवा तो रंग साधतो. अशा संयुगाला दुसरा धातु धरून ठेवणारी जागा दिली, तर तो येऊन बसतांच रंग पालटतो. तांब्याच्या स्पर्शानें तर पुष्कळदां प्रकाश मालवतो.

श्रोतेहो, याचें महत्त्व केवळ प्रयोगशाळेपुरतें नाहीं. शिसें किंवा पारा पाण्यांत विरघळला, तर तें पाणी नितळच दिसतें. विष पोटांत गेल्यावरच कळतें. तें आधीं सांगणारा प्रकाश म्हणजे घराचा राखणदारच. पण राखणदारावरही नजर हवी. मोरिन बेरिलियमच्या संगतींतही उजळतें. म्हणून एका प्रभेवर निकाल न देतां दुसऱ्या रीतीनें पडताळा घ्यावा लागतो. प्रकाश संशय दाखवितो. खात्री माणसानें करून घ्यावयाची असते.