निवडक शाहीर

लोकप्रिय गायकाची कारकीर्द पुढच्या पिढीपर्यंत पोहोचते ती बहुधा एखाद्या संग्रहाच्या रूपाने. 'गाजलेली गाणी', 'सदाबहार', 'निवडक' अशी त्याची नावे असतात. साहित्याच्या विद्यार्थ्यांना हा प्रकार नवा नाही. अभ्यासक्रमातला कवीही आपल्याला प्रथम निवडक रूपातच भेटतो. अशा संग्रहातून काय गळते आणि का गळते, हे शाहीर साबळे यांच्या उदाहरणावरून पाहण्याचा येथे विचार आहे.

कृष्णराव गणपतराव साबळे यांचा जन्म ३ सप्टेंबर १९२३ रोजी वाईजवळच्या पसरणी गावचा. अमळनेरच्या वास्तव्यात साने गुरुजींचा सहवास त्यांना लाभला. पुढे मुंबई हीच त्यांची कर्मभूमी झाली. त्या काळी परळ-लालबागच्या गिरणगावात शाहिरीला जाणता श्रोता होता. १९४४ साली स्थापन झालेल्या लाल बावटा कलापथकाच्या अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांनी शाहिरीला कामगारांच्या लढ्याची भाषा दिली होती. साबळे त्या पक्षाचे नव्हते. परंतु शाहिराने चालू घटनेवर बोलायचे असते ही अपेक्षा बाळगणारा श्रोता त्यांनाही मिळाला.

आज साबळे म्हटले की दोन गोष्टी आठवतात. एक, राजा बढे यांनी लिहिलेले, श्रीनिवास खळे यांनी स्वरबद्ध केलेले 'जय जय महाराष्ट्र माझा'. दुसरी, 'महाराष्ट्राची लोकधारा'. गोंधळ, भारूड, जागर, लावणी, कोळीनृत्य असे परस्परांहून भिन्न प्रकार या कार्यक्रमाने एका रंगमंचावर, एका संध्याकाळीत आणले. म्हणजे लोकधारा हाही एक निवडक संग्रहच होता, आणि त्याचे संपादक स्वतः साबळे होते. गोंधळ एरवी यजमानाच्या घरी, त्याच्या कुलदेवतेसमोर घातला जातो. जागर खंडोबाच्या उपासनेचा भाग असतो. तिकीट काढून आलेल्या शहरी प्रेक्षकासमोर या विधींचे प्रयोग झाले. त्यात काही हरवले, हे मान्य करावे लागेल. मात्र गावाशी नाते क्षीण होत चाललेल्या हजारो मुंबईकरांना हे प्रकार भेटले तेही याच वाटेने. भरत जाधव, अंकुश चौधरी, केदार शिंदे यांच्यासारखे कलावंत याच मंचावर घडले.

स्थलांतर, संकर आणि संग्रह हा क्रम केवळ मराठीतला नाही. जमैकात जन्मलेले रेगे संगीत तिथल्या स्थलांतरितांबरोबर इंग्लंडमध्ये गेले. जमैकन आईवडिलांच्या पोटी लंडनमध्ये जन्मलेल्या मॅक्सी प्रीस्टने त्याला नागर प्रेमगीताचे वळण दिले. १९९० साली त्याचे 'क्लोज टू यू' अमेरिकेत अग्रस्थानी पोहोचले आणि पुढच्याच वर्षी 'बेस्ट ऑफ मी' हा संग्रह निघाला. बॉब मार्लीच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. १९८१ मध्ये त्याचे निधन झाले. १९८४ साली 'लेजंड' हा संग्रह आला आणि अफाट खपला. मार्लीची प्रखर राजकीय गाणी त्यात मागे पडली व प्रेमगीते पुढे आली, हा आक्षेप त्यावर सातत्याने घेतला गेला आहे.

साबळे यांच्या संदर्भात मागे पडली ती मुक्तनाट्ये. 'यमराज्यात एक रात्र', 'आंधळं दळतंय', 'कोंडू हवालदार' ही नावे आज अभ्यासकांपुरती उरली आहेत. तमाशाचा सैल बांधा, मधली गाणी आणि चालू घडामोडींवरची टिप्पणी यांवर हा प्रकार उभा असतो. ज्या दिवसासाठी टिप्पणी केली तो दिवस गेला की तिची धार जाते, आणि संहिता वाचून प्रयोग कळत नाही. ध्वनिमुद्रिकेच्या तीन मिनिटांत मुक्तनाट्य बसत नाही, गीत बसते. तेव्हा गीत टिकले यात केवळ रसिकांची आवड नाही, माध्यमाची मर्यादाही आहे.

याखेरीज आणखी एक कारण असावे असे वाटते. 'आंधळं दळतंय' हे शिवसेनेच्या उदयाच्या काळातले मुक्तनाट्य. मुंबईतच मराठी माणूस उपेक्षित राहतो, ही त्यामागची वेदना. ती खरी होती. तिच्या आधारे पुढे जे राजकारण उभे राहिले त्याविषयी मात्र आपल्यात आजही एकमत नाही. हे मुक्तनाट्य शाहिराच्या चरित्रात मध्यभागी ठेवले, तर त्या राजकारणाबद्दल बोलावे लागते. लोकधारेविषयी सर्वांनाच आपुलकीने बोलता येते. स्मरणाची ही सोय साबळे यांना निरुपद्रवी करून टाकते, आणि आपल्यालाही एका अवघड प्रश्नातून सोडवते.

२० मार्च २०१५ रोजी मुंबईत साबळे यांचे निधन झाले. २०२३ साली, त्यांच्या जन्मशताब्दी वर्षात, 'जय जय महाराष्ट्र माझा' हे राज्यगीत म्हणून स्वीकारले गेले. त्यासाठी मूळ गीतातील दोनच कडवी घेण्यात आली. निवडक कारकिर्दीतले सर्वांत निवडलेले गाणेही असे पुन्हा एकदा निवडले गेले. औपचारिक समारंभाला आटोपशीर गीत लागते, त्यामुळे त्यात गैर काही नाही. प्रश्न आपला, म्हणजे शिकणाऱ्यांचा आणि शिकवणाऱ्यांचा आहे. शाहिरी काव्याच्या तासाला आपण पोवाडा आणि लावणी यांची लक्षणे सांगतो, उदाहरणे देतो आणि पुढच्या प्रकाराकडे वळतो. त्या तासात एखादे मुक्तनाट्य, त्यातल्या प्रसंगासह आणि त्यावरच्या वादासह वाचले गेले, तर संग्रहाबाहेर राहिलेल्या शाहिराशीही विद्यार्थ्यांची ओळख होईल.