गंगाराम तांबट

गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट हे अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात काम करणारे मराठी चित्रकार होते. सवाई माधवराव पेशव्यांच्या काळात पुण्यात स्थापन झालेल्या चित्रशाळेशी त्यांचे नाव निगडित आहे. समोर दिसणारी वस्तू, प्राणी किंवा वास्तू प्रत्यक्ष पाहून व मोजून रेखाटण्याची पाश्चात्त्य पद्धत आत्मसात करणाऱ्या महाराष्ट्रातील पहिल्या चित्रकारांत त्यांची गणना होते. पेशव्यांच्या प्राणिसंग्रहातील गेंड्याचे चित्र आणि वेरूळच्या लेण्यांची आरेखने या त्यांच्या महत्त्वाच्या कृती होत.

पार्श्वभूमी

तांबट हा तांब्या-पितळेची भांडी घडविणाऱ्या कारागिरांचा समाज आहे. पेशवाईत या कारागिरांची पुण्यात मोठी वस्ती होती. कसबा पेठेतील तांबट आळी तिची साक्ष देते. भांड्यावर हातोडीने ठोके घालून करावयाच्या मठारकामासाठी डोळ्याचा अंदाज आणि हाताची स्थिरता लागते.

त्या काळी मराठी मुलखातील चित्रकला प्रामुख्याने वाडे व मंदिरांतील भित्तिचित्रे, पोथ्यांतील चित्रे आणि लघुचित्रे या स्वरूपात होती. देवदेवता, पुराणप्रसंग व राजपुरुष हे तिचे विषय. आकृती ठरलेल्या साच्याप्रमाणे, बहुधा एका बाजूने दिसणाऱ्या चेहऱ्याच्या रूपात आणि सपाट रंगांत काढली जाई. छायाप्रकाश व यथार्थदर्शन यांना तिच्यात फारसे स्थान नव्हते.

पुण्यातील चित्रशाळा

चार्ल्स वॉर मॅलेट हा ईस्ट इंडिया कंपनीचा वकील १७८६ पासून पेशव्यांच्या दरबारी होता. त्याला येथील वास्तू, लेणी, प्राणी व लोकजीवन यांच्या अचूक चित्रांची आवश्यकता भासत असे. १७९१ मध्ये मुंबईस आलेला स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स पुढील वर्षी पुण्यात आला. त्याने सवाई माधवराव, नाना फडणवीस व महादजी शिंदे यांची व्यक्तिचित्रे रंगविली. याच सुमारास मॅलेटच्या पुढाकाराने व पेशव्यांच्या संमतीने शनिवारवाड्यात चित्रकलेचे वर्ग सुरू झाले. मुंबईतील सर जे. जे. कलाशाळा १८५७ मध्ये निघाली. त्यापूर्वी सहा दशकांहून अधिक काळ आधीचा हा प्रयोग होता. गंगाराम हे या शाळेशी संबंधित सर्वांत परिचित चित्रकार होत.

गेंड्याचे चित्र

पर्वतीच्या पायथ्याशी सवाई माधवरावांचा प्राणिसंग्रह, म्हणजे शिकारखाना होता. तेथील गेंड्याचे गंगाराम यांनी काढलेले चित्र नोव्हेंबर १७९० मधील आहे. वेल्स पुण्यात येण्यापूर्वीच ते मॅलेटसाठी काम करीत होते, हे यावरून दिसते.

पाहून रेखाटणे आणि ऐकून रेखाटणे यांतील अंतर समजण्यास गेंडा हे उत्तम उदाहरण आहे. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर याने १५१५ मध्ये गेंड्याचे प्रसिद्ध काष्ठठसा-चित्र केले. ते गेंडा प्रत्यक्ष न पाहता, दुसऱ्याने केलेले रेखाटन व वर्णन यांवरून केलेले होते. त्याने गेंड्याच्या अंगावर चिलखतासारखी पत्रे दाखविली आणि खांद्यावर एक जादा शिंगही काढले. युरोपात दोन शतकांहून अधिक काळ याच चित्राच्या नकला होत राहिल्या. गेंडा हा दख्खनच्या रानातील प्राणी नव्हे. त्यामुळे गंगाराम यांच्यापुढे परंपरेने दिलेला तयार साचा नव्हता. कातडीच्या घड्या, पायांची ठेवण आणि शरीराचे प्रमाण यांचा प्राण्यासमोर राहूनच शोध घ्यावा लागणार होता.

वेरूळची आरेखने

१७९० च्या दशकाच्या पूर्वार्धात गंगाराम यांनी मॅलेटसाठी वेरूळच्या लेण्यांची आरेखने केली. हे काम प्राण्याच्या रेखाटनापेक्षा वेगळे कौशल्य मागणारे होते. कैलास लेणे अखंड खडकातून वरून खाली कोरत आणलेले असल्याने त्याचे स्वरूप कोणत्याही एका जागेवरून पूर्णपणे दिसत नाही. अशा वास्तूचे चित्रण करताना खांब, दालने व शिल्पे यांची मापे घेऊन ती कागदावर प्रमाणात उतरवावी लागतात. अंधाऱ्या दालनांत प्रकाश कोठून येतो याचेही भान ठेवावे लागते.

मॅलेटने वेरूळविषयी लिहिलेला लेख कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’ या ग्रंथमालेच्या सहाव्या खंडात प्रसिद्ध झाला. त्यासोबतच्या चित्रांना गंगाराम यांच्या आरेखनांचा आधार होता. वेल्सनेही वेरूळची चित्रे काढली. त्याच्या मृत्यूनंतर टॉमस डॅनियल याने ती १८०३ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध केली.

चित्रशाळेचा शेवट

१७९५ च्या अखेरच्या महिन्यांत या उपक्रमाचे दोन आधार पाठोपाठ गेले. २७ ऑक्टोबर रोजी सवाई माधवरावांचे निधन झाले. त्यानंतर थोड्याच काळात साष्टीत वेल्स मरण पावला. १७९७ मध्ये मॅलेटनेही पुणे सोडले. पेशव्यांच्या वारसाहक्कावरून सुरू झालेल्या कलहात चित्रशाळेला पुन्हा आश्रय मिळाला नाही आणि नव्या पद्धतीने शिकलेल्या चित्रकारांची परंपरा पुण्यात निर्माण होऊ शकली नाही.

संग्रह आणि महत्त्व

गंगाराम यांची अनेक चित्रे मॅलेटच्या संग्रहामुळे टिकली. आज ती अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात, पॉल मेलन संग्रहात आहेत. त्या केंद्रात २०११ मध्ये भरलेल्या, भारतातील ब्रिटिशकालीन चित्रसंग्रहाविषयीच्या प्रदर्शनामुळे त्यांच्या कामाकडे अभ्यासकांचे लक्ष नव्याने वेधले गेले.

कंपनीच्या अधिकाऱ्यांसाठी काम करणाऱ्या बहुसंख्य भारतीय चित्रकारांची नावे नोंदली गेली नाहीत. गंगाराम यांचे नाव मात्र त्यांच्या चित्रांसह उपलब्ध आहे. त्यामुळे एका मराठी कारागीर-चित्रकाराने परंपरागत साच्याकडून प्रत्यक्ष निरीक्षणाकडे केलेली वाटचाल त्याच्या स्वतःच्या कामातून अभ्यासता येते.

हे सुद्धा पहा

शनिवारवाडा
सवाई माधवराव पेशवे
वेरूळ लेणी
कंपनी शैली
सर जे. जे. कलाशाळा