मांडीवरची कोरी जागा

लंडनच्या नॅशनल गॅलरीत एक आडवं तैलचित्र आहे. रुंदी जेमतेम चार फूट, उंची सव्वादोन फूट. नाव ‘मिस्टर अँड मिसेस अँड्र्यूज’. थॉमस गेन्सबरो यानं ते १७५०च्या सुमारास रंगवलं. तेव्हा तो तेवीस-चोवीस वर्षांचा होता.

रॉबर्ट अँड्र्यूज आणि फ्रान्सिस कार्टर यांचं लग्न १७४८च्या नोव्हेंबरात सडबरी गावी झालं. नवरी अवघी सोळा वर्षांची. गेन्सबरोही त्याच गावचा, कापड व्यापाऱ्याचा मुलगा. जोडपं ओकच्या झाडाखाली आहे. ती निळ्या रेशमी झग्यात बाकावर बसली आहे, तो बंदूक काखेत धरून उभा आहे, पायाशी कुत्रा. बाकाची नक्षीदार वळणं फ्रान्समधून आलेल्या रोकोको शैलीची. लंडनला ह्यूबर ग्राव्हलो या फ्रेंच कलावंताच्या सहवासात गेन्सबरोनं ती आत्मसात केली होती.

पण गंमत पाहा. व्यक्तिचित्रात माणूस मधोमध असायचा. इथं नवरा-बायको डाव्या कडेला आहेत आणि उरलेल्या चित्रभर शेत पसरलं आहे. धसकटांच्या ओळी सरळ आहेत. म्हणजे बी हातानं फेकलेलं नाही, यंत्रानं ओळीत पेरलेलं आहे. आपल्या शेतकऱ्याला पाभर परकी नाही. पण तेव्हाच्या इंग्लंडात ओळीतली पेरणी ही सुधारलेल्या शेतीची खूण होती. मालकाला ती चित्रात हवीच असणार.

बंदुकीलाही अर्थ आहे. १६७१च्या कायद्यानं शिकारीचा हक्क मोठ्या जमीनदारांपुरता ठेवला होता. वर्षाला शंभर पौंड उत्पन्नाची स्वतःची जमीन, अशी त्याची मुख्य अट. हा निर्बंध १८३१पर्यंत टिकला. शेतात राबणाऱ्यानं पोटासाठी ससा मारला, तर तो गुन्हेगार ठरे.

१९७२ साली जॉन बर्जर यांनी बीबीसीवरच्या ‘वेज ऑफ सीइंग’ या मालिकेत हेच बोट ठेवलं: हे नुसते निसर्गप्रेमी नाहीत, हे मालक आहेत. लॉरेन्स गोविंग या कला-अभ्यासकांना ते पटलं नाही. मला दोन्ही खरं वाटतं. गेन्सबरोचा जीव निसर्गचित्रांत होता, पोट मात्र व्यक्तिचित्रांवर चाले. ढगांवर, झाडावर, कापलेल्या पिकावर त्यानं जीव ओतला, तो मालकासाठी खास नसावा.

पेंढ्या बांधून उभ्या आहेत. बांधणारे हात मात्र चित्रात कुठंच नाहीत. आणि फ्रान्सिसच्या मांडीवर एक जागा कोरी राहिली आहे. तिथं काय यायचं होतं? कुणी म्हणतं नवऱ्यानं मारलेला पक्षी, कुणी म्हणतं पुढं होणारं मूल. फ्रान्सिस १७८०मध्ये वारली. चित्र घराण्यातच राहिलं आणि १९६०मध्ये गॅलरीनं विकत घेतलं, पण ती जागा भरली गेली नाही.

त्या जागेपाशी येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर अडते. मला वाटतं, तिथं अडलेल्या नजरेनं मग थोडं उजवीकडं वळावं. तिकडच्या शेतातही एक जागा कोरी आहे, ती राबणाऱ्या माणसाची.