दुसरी प्रत कुठे आहे, हे कोणाला ठाऊक?

मंडळी, सर्व्हर बंद पडला तरी काम अडू नये म्हणून डेटाच्या दोन-तीन प्रती ठेवायच्या, हे आता कोणालाही पटतं. पण एक प्रश्न बहुतेक वेळा राहूनच जातो. एक सर्व्हर गेल्यावर दुसरी प्रत कुठे आहे, हे ठाऊक कोणाला असतं? तुमच्या मशीनला, की पलीकडच्या सर्व्हरला? एकच व्हॉल्यूम लिनक्स, विंडोज आणि मॅकवर माउंट करायचा म्हटलं की खरी गंमत इथे सुरू होते. आणि हा प्रश्न चांगला चाळीस वर्षांचा आहे.

१९८२ साली पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठाने आयबीएमशी करार केला. कॅम्पसवर हजारो वर्कस्टेशन्स, आणि कुठल्याही मशीनवर बसलं तरी आपल्या फाइली समोर, असं ते स्वप्न. प्रकल्पाचं नाव अँड्र्यू (कार्नेगी आणि मेलन, दोघांचंही पहिलं नाव तेच!). त्यातून एएफएस ही फाइल सिस्टिम जन्माला आली. आयआयटी मद्रासमध्ये शिकलेले महादेव सत्यनारायणन हे तिच्या प्रमुख शिल्पकारांपैकी एक.

एएफएसचं उत्तर सरळ होतं: ठाऊक असायला हवं क्लायंटला. कुठला व्हॉल्यूम कुठल्या सर्व्हरवर आहे याची नोंदवही सर्व्हरकडे असते. क्लायंट ती बघतो आणि एक प्रत उत्तर देईना, की गुपचूप दुसरीकडे जातो. मात्र या प्रती फक्त वाचण्यापुरत्या. लिहायचं ते मूळ व्हॉल्यूममध्येच, आणि ॲडमिनने हुकूम दिला की मगच नवा मजकूर प्रतींमध्ये उतरणार. तोवर वाचणारे जुनंच वाचत बसणार. प्रोग्रॅम वाटायला झकास, पण रोज बदलणाऱ्या फाइलींना निरुपयोगी.

मेख आणखी एक होती. एवढं शहाणपण क्लायंटमध्ये भरलं की प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमसाठी तो वेगळा लिहावा लागतो. २००० साली आयबीएमने सोर्स खुला केला आणि ओपनएएफएस आलं, तेव्हा विंडोजवरचा जुगाड बघण्यासारखा होता. तिथला क्लायंट त्याच मशीनवर बसून एसएमबी सर्व्हरचं सोंग घ्यायचा! विंडोजला वाटायचं, आपण नेटवर्कवरच्या कुठल्याशा सर्व्हरशी बोलतोय. अस्सल फाइल सिस्टिम ड्रायव्हर यायला २०११ उजाडलं. मॅकवर क्लायंट कर्नल एक्स्टेन्शन म्हणून चालायचा, आणि २०१९ पासून ॲपलने तो दरवाजाच हळूहळू लोटून घ्यायला सुरुवात केली.

पुढे ग्लस्टर आलं. त्याचाही कल क्लायंटकडेच. २००५ मध्ये फ्यूज लिनक्स कर्नलमध्ये आलं होतं, त्यामुळे क्लायंट कर्नलबाहेर लिहिता येत होता. हा क्लायंट प्रत्येक फाइल स्वतःच सगळ्या प्रतींवर लिहितो. पण नेटवर्क दुभंगलं तर एक क्लायंट या प्रतीवर लिहितो, दुसरा त्या प्रतीवर, आणि दोन्ही प्रती म्हणतात मीच खरी. याला म्हणतात स्प्लिट-ब्रेन. बहुमताशिवाय लिहू द्यायचं नाही, हा त्यावरचा उतारा. म्हणूनच दोन प्रतींवर भागत नाही, तिसरा साक्षीदार लागतो.

आणि विंडोज? तिथे ग्लस्टरचा व्हॉल्यूम मिळतो तो साम्बामार्फत. क्लायंट फुकट, विंडोजसोबतच येतो, पण त्याला दिसतो फक्त एक सर्व्हर. मागे तीन प्रती सुखरूप असल्या तरी तो एक आडवा झाला की ड्राइव्ह गेला! म्हणून मग सीटीडीबीसारखं काहीतरी लावून पडलेल्या सर्व्हरचा आयपी पत्ता दुसऱ्याला द्यावा लागतो.

रेड हॅटने २०११ मध्ये ग्लस्टर सुमारे १३.६ कोटी डॉलर्सना घेतलं आणि २०२४ अखेर आपलं त्यावरचं उत्पादन गुंडाळलं. उत्पादनं येतात-जातात, प्रश्न तोच राहतो. शहाणं क्लायंट हवं तर ते प्रत्येक सिस्टिमसाठी लिहा आणि सांभाळा. भोळं चालत असेल तर शहाणपण सर्व्हरच्या दारात उभं करा. फुकटात दोन्ही मिळत नाही.

तेव्हा माउंटचा हुकूम चालला म्हणून खूश होऊ नका. तिन्ही सिस्टिम्सवर एकेक फाइल उघडी ठेवा आणि एका सर्व्हरची केबल ओढून बघा. कोणाला काय ठाऊक आहे, ते लगेच कळेल :)