मंजूर नकाशा आणि मालगुजाराचा होकार

वर्ध्याजवळच्या गावातलं आजोबांचं घर विकायला काढलंय. गिऱ्हाईक चांगलं मिळालं, इसाराची रक्कमही ठरली. आणि त्याच्या बँकेने मंजूर नकाशा मागितला. बाबा फोनवर वैतागले, "अरे, एवढे वर्षं टॅक्स भरला न आपण! मग नकाशा कायले पाहिजे?"

पेटी उपसली. १९४८ च्या घराचा नकाशा नाही. मागच्या दोन खोल्या १९७४ च्या, त्यांचाही नाही. आजोबा काय नियम मोडत होते? म्हणून जरा इतिहास चाळला.

तर मंडळी, १९४८ साली वर्धा मध्य प्रांत-वऱ्हाडात होतं. गावं मालगुजारांची. (सेवाग्राम म्हणजे जुनं शेगाव, १९३६ मध्ये गांधीजी तिथे राहायला गेले तेव्हा मालगुजार होते जमनालाल बजाज.) गावठाणाला 'आबादी' म्हणत. तिथे घरापुरती जागा मिळायचा कसणाऱ्याचा हक्क १९१७ च्या जमीन महसूल कायद्यात होता आणि गावच्या रूढी 'वाजिब-उल-अर्ज'मध्ये नोंदलेल्या असत. आजोबांनी जागा मागितली, मालगुजार हो म्हणाला, भिंती उभ्या राहिल्या. संपलं!

३१ मार्च १९५१ ला मालगुजारी गेली. जमिनीचे हक्क सरकारकडे गेले, पण उभी घरं ज्यांची त्यांच्याकडेच राहिली. पुढे १९५६ ला वर्धा मुंबई राज्यात आलं, १९६० ला महाराष्ट्रात. घर जागचं हललं नाही, राज्यं मात्र बदलत गेली. आमच्या भाषेत सांगायचं तर सिस्टिम तीनदा मायग्रेट झाली आणि जुना डेटा कुणी आणलाच नाही.

१९७४ च्या खोल्यांना मात्र ही सबब चालत नाही. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे बांधकामाला पंचायतीची परवानगी लागत होती. आजोबांनी ती घेतली नाही, किंवा घेतली आणि कागद हरवला. दोन्हींचा परिणाम एकच.

आणि टॅक्स पावती? नमुना ८ हे घरपट्टी आकारणीचं रजिस्टर. भिंत उभी आहे म्हणून कर लागतो. ती परवानगीने उभी आहे का, हे तो कागद सांगत नाही. बाबांना हे पटवायला दोन रविवार गेले.

मधेच एका दलालाने जुन्या तारखेचा दाखला 'करून देतो' म्हटलं. बाबा क्षणभर विरघळले. मी म्हटलं, बाबा, घेणाऱ्याच्या डोक्यावर वीस वर्षांचं कर्ज असणार आहे, खोटा कागद त्याच्या गळ्यात पडेल. बाबा गप्प झाले. मग स्वतःच त्याला फोन लावून सगळं सांगितलं.

सौदा अजून तुटलेला नाही. भाव थोडा उतरला. खोल्या नियमित करायचा अर्ज आम्ही करायचा, असं ठरलंय. गेल्या रविवारी टेप घेऊन बाबा आणि मी घर मोजलं. शहात्तर वर्षांहून जुन्या त्या घराचा पहिला नकाशा सध्या माझ्या वहीत आहे, पेन्सिलीने काढलेला.